उलटा यावा म्हणून

बारापर्यंत येणारा मेल साडेबारा झाले तरी आला नव्हता. शिवानी बापाच्या कृषी सेवा केंद्रात खताच्या पोत्यावर बसून मोबाइलकडे बघत होती. रामलिंगआप्पांनी तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला भलतंच औषध दिलं आणि माफी न मागता बदलून दिलं.

पालमच्या या दुकानातून निघालेली त्यांची पोरगी पुण्याच्या प्रयोगशाळेत कॅन्सर झालेल्या उंदरांवर काम करते. अंगात कॅन्सरला मारणाऱ्या पेशी असतात, त्यांचं नावच मारेकरी. त्या कमी केल्या तर गाठ वाढणार, असं पुस्तक म्हणतं. शिवानीच्या उंदरांची गाठ उलट आकसली. एकदा नाही, दोनदा. तुझाच हात चुकला असेल, असं सर म्हणाले. प्रयोग तिसऱ्यांदा करायला लावला आणि मोजणी परक्या माणसाकडे दिली. तीन वर्षांची मेहनत राहते की जाते, ते आता त्या मेलवर होतं.

"सोमवारी महादेवाला अभिषेक बोललो मी," आप्पा म्हणाले. "औंदा निकाल सरळ येऊ दे म्हनून."

शिवानीने कपाळाला हात लावला. "आप्पा, सरळ आला तर मी घरी बसते. उलटाच यायला पाहिजे."

आप्पांनी भिंतीवरच्या फोटोपुढे हात जोडले आणि देवाला दुरुस्ती कळवली.

युरिया न्यायला आलेल्या बन्सीधरकाकांना हे काही झेपेना. शिवानीने समजावलं, की शरीराच्या सैनिक पेशी गाठीवर चालून येतात, तेव्हा कधी कधी हे मारेकरी त्यांनाच गारद करतात. गाठ मजेत.

"त्यात काय," आप्पा म्हणाले. "कोळी बी मित्रकीटकच. पिकावरची मावा कीड खातो, अन् मावा खानाऱ्या ढालकिड्यालाबी खातो."

तीन वर्षांत सरांना न पटलेलं बापाला पोत्यांमध्ये उभ्या उभ्या पटलेलं पाहून शिवानी हसायला लागली, आणि मोबाइल वाजला.

तिने मेल एकदा वाचला. मग पुन्हा वाचला. मग भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत बापाच्या गळ्यात पडली. अशा वेळी हात कुठं ठेवायचे ते आप्पांना माहीत नव्हतं. ते हातातल्या बियाण्याच्या पाकिटानेच तिची पाठ थोपटत राहिले.

"उलटा?" त्यांनी विचारलं.

"पुरता उलटा."

बन्सीधरकाकांनी युरियाचं पोतं खांद्यावर घेतलं.

"राखणदारच आपल्या मानसाला खातो, ह्ये समद्या तालुक्याला म्हाईत हाय, पोरी," ते म्हणाले. "पर आजवर कुनी मोजून दावलं न्हवतं."