पहारेकऱ्याचा अंक

"नियम पुन्हा एकदा म्हण," एकनाथराव नातवाला म्हणाले. "सावकाश म्हण. ऐकलेले मी विसरत नाही."

रितेशने उभ्या पुठ्ठ्याच्या आडोशामागून खेळाचे पुस्तक धरून वाचले. चोर दबक्या पावलांनी निघाला की त्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडलेल्या आकड्यात आपल्या कौशल्याचे तीन मिळवायचे. पहारेकऱ्याने काहीच टाकायचे नाही. तो शोधत नसला, जांभया देत उभा असला, तरी सावधपणाचा एक अंक त्याच्या अंगी असतोच. चोराची बेरीज त्या अंकापर्यंत पोचली नाही, तर चोर दिसला.

धाकटी नात मृण्मयी आज खेळातल्या किल्ल्याच्या दारावर पहाऱ्याला होती. तिचा अंक चौदा. चोराची भूमिका आजोबांनी आपण होऊन मागून घेतली होती.

"आबा, तुमचा चोर लई सभ्य आहे," रितेश म्हणाला. "पहारेकऱ्याला नमस्कार करून आत जाईल."

"जाईलच. जोडलेल्या हातांची झडती कोणी घेत नाही."

ऑटो येईपर्यंतचा हा एक डाव होता. मुलांची आई त्रिवेणी आतल्या खोलीतून बॅगा बाहेर आणत होती. तिने दोनदा नाकारलेली बढती तिसऱ्यांदा चालून आली होती. दुपारी काचीगुडा स्टेशनाहून गाडी, आणि मग दोन वर्षे नांदेड. आबा आपले आपण सगळे करतात, या एकाच भरवशावर तिने या खेपेला होकार दिला होता. त्या भरवशाला तडा गेला असता, तर बॅगा उघडून कपडे पुन्हा कपाटात लावायला तिला क्षणाचाही विलंब लागला नसता.

बैठकीच्या मधोमध ठेवलेल्या तिवईला तिची बॅग अडली.

"ही तिवई मी रोज भिंतीशी सरकवते," ती म्हणाली. "परत इथे कोण आणून ठेवतं?"

उत्तराची वाट न पाहता ती पुन्हा आत गेली.

एकनाथरावांनी फासा मुठीत घोळवला आणि टाकला. त्याच वेळी खाली ऑटोचा भोंगा वाजला. फासा मेजाच्या कडेला उसळला, तिथून निसटला आणि खाली अंथरलेल्या सतरंजीवर आवाज न करता पडला. त्याच्यावर दोनाचा आकडा होता.

एकनाथराव मेजाच्या रिकाम्या फळीवर वाकले. त्यांनी चष्मा नीट केला.

"सतरा," ते म्हणाले.

"सतरा आणि तीन, वीस," आडोशामागे मान खाली घालून रितेशने वहीत लिहिले. "गेला तुमचा चोर आत. मृण्मयी, तुला पत्ताच नाही."

मृण्मयीने सतरंजीवरच्या फाशाकडे पाहिले, मग आजोबांकडे. क्षणभर तिला ही थट्टाच वाटली. मग त्यांचा हात फासा उचलायला पुढे आला. त्याने मेज उजवीकडे चाचपले, डावीकडे चाचपले, आणि तो तिथेच थांबला.

आता तिला कालचे आठवले. काल सायंकाळी वीज गेली होती, खोलीत काळोख दाटला होता, आणि तरी आबांचे पोथीवाचन थांबले नव्हते. पानेही वेळेवर उलटत होती. घरातल्या सर्वांनी तेव्हा त्यांच्या पाठांतराचे कौतुक केले होते. तिनेही केले होते.

एकनाथरावांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"रितेश," त्यांनी विचारले, "एका पहारेकऱ्याने चोराला पाहिले, पण तो ओरडला नाही, तर नियम काय सांगतो?"

रितेशने पाने चाळली. "तर ज्याने पाहिलं, त्याच्यापुरताच चोर उघडा, आबा. बाकीच्यांसाठी तो लपलेलाच."

"फार न्याय्य नियम आहे," एकनाथराव म्हणाले. त्यांचा चेहरा मृण्मयीकडे वळलेला होता. दृष्टी तिच्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीवर होती.

त्रिवेणी नमस्काराला आली. खाली वाकताना तिच्या बांगड्या किणकिणल्या, आणि एकनाथरावांचा हात नेमका तिच्या डोक्यावर टेकला. इतका नेमका, की मृण्मयीला धडकीच भरली.

"स्वस्थ मनाने जा," ते म्हणाले. "माझी काळजी वाहू नको."

रितेश दोन बॅगा घेऊन जिना उतरला. त्रिवेणीने चपला घातल्या आणि उंबऱ्यावर थांबून लेकीचा गाल कुरवाळला.

"गप्प का गं? रडू नको. फोन करीन की रोज. आबांकडे लक्ष ठेव."

मृण्मयीने आजोबांकडे पाहिले. ते ताठ बसले होते. फक्त मांडीवरची मूठ आवळलेली होती.

"हौ, आई," ती म्हणाली.

आईची पावले तीन मजले उतरून गेली. ऑटो सुरू झाला आणि कमानीपलीकडे त्याचा आवाज विरला. मृण्मयी खाली वाकली, सतरंजीवरचा फासा उचलून तिने तो आजोबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठा त्याच्यावरून एकदा फिरवला.

मग ती उठली. मेजापासून दारापर्यंतची वाट तिने जणू पहिल्यांदाच पाहिली आणि त्या वाटेतली तिवई उचलली.

"ती तिथेच असू दे, बाळ," एकनाथराव म्हणाले. "तिच्यापासून दार सात पावलांवर आहे."