विळ्याची मूठ

शेतकऱ्यांच्या यादीत ज्याचं नाव, त्यालाच बियाणं आणि हाताच्या मापाचा नवा विळा मिळणार होता. माप घ्यायला लोहार बसला होता आणि नावं लिहायला कारकूनबाई.

"शेतात कोण राबतं?" बाईंनी विचारलं.

"मीच की! ही काय, घरीच असते," नवऱ्याने जुना विळा पुढे केला. बायको मागे उभी होती. बाईंनी त्याचं नाव लिहिलं.

लोहार मात्र विळ्याची लाकडी मूठ निरखत राहिला. अंगठा टेकून टेकून तिला खळगा पडला होता, पण भलत्याच बाजूला.

"जरा धरून दाखवा बघू."

नवऱ्याने विळा उजव्या हातात धरला. अंगठा काही खळग्यात बसेना. मग त्याने डाव्या हातात धरून पाहिला, तर तो निसटून खालीच पडला.

बायकोने सवयीने तो उचलला. तिच्या डाव्या हाताचा अंगठा खळग्यात अलगद जाऊन बसला.

लोहाराने बाईंकडे पाहिलं. बाईंनी लिहिलेलं नाव खोडलं आणि वही तिच्यापुढे सरकवली.

"सही येते का गं?"

"येते की. पण डाव्या हाताची चालेल ना?"