सोलरूनचा दोर

"नाही म्हणजे नाही," ब्योर्ग्विन म्हणाला आणि कड्याकडे पाठ करून गवतावर बसला.

सोलरूनने कमरेचा पट्टा तरीही आवळला. वय एक्केचाळीस, दोन मुलांची आई, गावच्या शाळेची मुख्याध्यापिका. आणि बापापुढे ती आजही परवानगी मागत उभी होती. याचाच तिला जास्त राग आला.

एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला लांगेय बेटावर आणणं म्हणजे खायचं काम नव्हतं. होडीतून खडकावर उडी मारायचे त्याचे दिवस सरले होते. शेवटी शेजारच्या ओत्तारने त्याला मेंढ्या चढवायच्या जाळीत घातलं आणि कप्पीने वर ओढून घेतलं. "मेंढ्या तुमच्यापेक्षा कमी शिव्या देतात, काका," ओत्तार म्हणाला, तेव्हा म्हातारा हसला होता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो राहणार नाही हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच सोलरूनला आज, बाप बघत असताना, या कड्यावरून एकदा खाली उतरायचं होतं.

लांगेयच्या काळ्या कड्यावर लांगविया पक्षी दाटीवाटीने बसतात. त्यांची अंडी काढायला दोराने उतरावं लागतं. ब्योर्ग्विनने जन्मभर वर बसून दोर धरला. निम्मं गाव त्याच्या हातांनी खाली गेलं आणि सुखरूप वर आलं. एकदा तर राजधानीतून आलेल्या जाडजूड पाद्र्यालाही त्याने हौस म्हणून सोडलं होतं. फक्त सोलरूनला कधी सोडलं नाही. "तुझ्या अंगात ते नाही," एवढंच म्हणायचा.

अंगात होतं ते पहिल्या सोलरूनच्या, हिच्या थोरल्या बहिणीच्या. ती सतरा वर्षांची असताना याच कड्यावर वरून दगड निखळला आणि तिच्या डोक्यात बसला. दोर बापाच्याच हातात होता. पुढच्या वर्षी ही जन्मली. गेलेल्याचं नाव पुढच्याला ठेवायची गावची रीत, म्हणून हीसुद्धा सोलरून. अक्षरं जुळवायला शिकली तेव्हा तिने आपलं नाव पहिल्यांदा वाचलं ते दफनभूमीतल्या दगडावर. पहिली कशी सरसर चढायची, पहिली कशी शीळ घालायची, हे ऐकतच ती मोठी झाली. हरवलेल्या वस्तूच्या जागी आपल्याला आणलंय आणि बापाला काही आपण पसंत पडलो नाही, असं तिला कायम वाटत आलं होतं.

"पहिली असती तर सोडलं असतंत तुम्ही," ती म्हणाली.

ब्योर्ग्विनने मान वर केली. ओत्तारने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं आणि दोर उचलला.

"अंडं घ्यायचंच असेल तर डावीकडचं घे," तो म्हणाला. "उजवीकडची फेरी आम्ही पंधरा दिवसांपूर्वीच उरकली. काका दवाखान्यात होते तेव्हा."

ती उतरली. खाली नुसता कलकलाट होता, वास होता आणि वारा. एका पक्ष्याने तिच्या बाहीवर घाणेरडं तेल थुंकलं. ती मोठ्याने हसत होती. डावीकडे पिवळ्या शेवाळाची एक कपार होती. तिथली पक्षीण उडाली, तशी तिने हिरवट, ठिपक्याठिपक्यांचं ते अंडं उचललं आणि छातीशी धरलं. आपण आणलेलं एक अंडं बापाच्या हातात ठेवायचं, बस. मग तीन वेळा दोराला हिसका दिला.

वर आली तेव्हा तिला दिसलं, की दोर ओत्तारच्या मागे आणखी कुणीतरी धरलाय. म्हाताऱ्याने दोराचा शेवट दोन्ही मुठींना गुंडाळून घेतला होता. त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती. ओठ पांढरे पडले होते.

"हे घ्या, बाबा," ती म्हणाली.

त्याने अंडं हातात घेतलं. "कुठनं काढलंस?"

"डावीकडून. पिवळ्या कपारीतून."

ओत्तारने कपाळाला हात लावला. "अगं, ती कपार उजवीकडची. आम्ही सांगतो ते समुद्राकडे तोंड करून. दोरावर तोंड खडकाकडे असतं ना, डावं-उजवं उलटं होतं. नवीन माणूस हमखास फसतो. मीच सांगायला हवं होतं."

"मग काय झालं?" सोलरूनने विचारलं. "अंडं ते अंडंच."

"पहिलं आपण नेतो," ब्योर्ग्विन सावकाश म्हणाला. "पंधरा दिवसांत ती दुसरं घालते. ते तिचं. त्याला कुणी हात लावत नाही. ते गेलं की तिचं सगळंच गेलं."

तिला लाज वाटली. चाळीस वर्षं वाट पाहून मिळालेली एक संधी, आणि तीही आपण अशी घालवली. "खरंच माझ्या अंगात नाही ते," ती पुटपुटली.

म्हाताऱ्याने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, अंडं तिच्यात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या आत, पोटाशी ठेवलं. त्याचा काही उपयोग नव्हता, हे त्याच्याइतकं दुसरं कोण जाणत होतं. मग तो गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ आला आणि सोललेल्या बोटांनी तिच्या कमरेची गाठ सोडायला लागला. गाठ लवकर सुटेना.

"तुझ्या अंगात सगळं होतं, पोरी," तो म्हणाला. "पण पहिली माझ्या हातून गेली. दुसरीला मी दोर कसा बांधणार होतो?"