मऊ पाटे

“ही नको. कडक आहे,” बाबा म्हणाले आणि हातातली स्प्रिंग त्यांनी परत ढिगावर ठेवली.

भंगारवाल्याने कपाळावर हात मारला. पोलादाचे सहा-सहा पाटे एकावर एक बांधलेली ती जोडी त्याने तासभर खपून अगदी तळातून ओढून काढली होती. “अहो काका, तुमच्याच गाडीची आहे! त्याच सालची. टॅक्सीला होती म्हणून जरा दणकट, एवढंच. तुम्ही-आम्ही जाऊ, पण ही खाली बसायची नाही.”

“मला मऊ हवी.”

त्यांची मुलगी फाटकाशी उभी होती. तिला राग यायला हवा होता. आला नाही. गेल्या दहा दिवसांत तिला काहीच येत नव्हतं, ना रडू, ना भूक, ना झोप. आई हॉस्पिटलात होती; आजार हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी हात टेकले. येत्या शुक्रवारी घरी घेऊन जा म्हणाले. बाबांनी नुसती मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या जुन्या अमेरिकन गाडीच्या मागच्या स्प्रिंगा शोधत गावभर फिरायला लागले.

चाळीस वर्षं ती गाडी त्यांच्या दारात होती. पलंगाएवढी सीटं, माशाच्या शेपटीसारखे मागचे कोपरे, आणि मागून अशी खचलेली की दम लागून बसल्यासारखी दिसायची. “तुझ्या आईची सवत आहे ती,” मावशी नेहमी हसून म्हणायची. काल फोनवरही तेच म्हणाली, पण हसली नाही. “बायको अंथरुणाला खिळलीय आणि हा सवतीचं औषधपाणी करतोय.”

हे भंगाराचं चौथं आवार होतं.

“बाबा, आज बुधवार आहे.”

“माहीत आहे.”

“आई विचारत होती, तुम्ही दुपारचे कुठे असता.”

“मग काय सांगितलंस?”

“काय सांगणार?”

बाबांनी फडक्याला हात पुसले. वाकून स्प्रिंगांचे पाटे मोजले. मग भंगारवाल्याला म्हणाले, “बांधा ही जोडी.”

दोन गल्ल्या पलीकडे पाटे ठोकणाऱ्या मिस्त्रीचं दुकान होतं. भट्टी धुमसत होती. मिस्त्रीने एकेक पाटा बोटाने वाजवून पाहिला.

“दोन-दोन पाटे काढले तर मऊ होईल. पण मग मागे माणसं बसली की गाडी टेकणार. किती जण बसणार मागे?”

“एकच. अडतीस किलो.”

मिस्त्री हसला. “लहान मूल आहे का?”

“बायको. झोपवून आणायचीय.”

मिस्त्रीचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्याने पाना उचलला आणि पाट्यांचे बोल्ट सोडवायला घेतले.

मुलीने वर पाहिलं. अडतीस. हा आकडा तिला माहीत नव्हता. दहा दिवस ती आईच्या उशाशी बसून होती, पण वजन विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

“मी अॅम्ब्युलन्स सांगितलीय, बाबा,” ती म्हणाली. आवाज आपलाच आहे असं तिला वाटेना.

मिस्त्रीने सोडवलेला पाटा बाबांनी उचलून बाजूला ठेवला.

“नेलं तेव्हाही अॅम्ब्युलन्सच होती. मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं होतं. मागे ती दर खड्ड्याला ओरडत होती,” बाबा म्हणाले. “तेरा खड्डे आहेत रस्त्यात. रोज जाऊन बघतोय. अकरा चुकवता येतात. दोन काही केल्या चुकत नाहीत.”