पाळण्यापुरतं

‘इतकं जवळ ओढू नकोस गं. पाळण्याच्या पलीकडे खोली आहे, खोलीत आई आहे. थोडी दिसू दे की,’ सिद्धेश म्हणाला होता. ‘आणि एकदा असं ठेवलंस की जिथे नेशील तिथे असंच जाईल.’

‘मला इरा दिसली की बास,’ गंधाली म्हणाली, आणि दोन बोटांनी चित्र आणखी मोठं केलं.

पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचं ॲप होतं मात्र झकास. फोनवर चालू असलेलं टॅबवर सरकवायचं, टॅबवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. मध्ये क्षणभरही बंद पडायचं नाही. जेवढं मोठं केलं असेल तेवढंच दिसायचं, आवाज बंद असेल तर बंदच राहायचा. दहिसरच्या घरातला पाळणा अंधेरीच्या ऑफिसात तिच्यामागून टेबलाटेबलावर फिरायचा.

आवाज तिने पहिल्याच दिवशी बंद केला. सासूबाईंना, सुलक्षणाआईंना, कॅमेरा म्हणजे फोनच वाटायचा. भर मीटिंगमध्ये टॅब बोलला होता, ‘गंधाली, जेवलंस काय गो? सुकट दिलंय डब्यात. झाकण नीट लाव, वास मारतलो.’

सगळे हसले. गंधाली हसली नाही.

तिची भीती वेगळीच होती. इराला मांडीवर घेऊन आई एकदा बसल्या बसल्या पेंगल्या होत्या. बाळाला गुळाचं पाणी चाटवलं होतं. ‘आमची पोरा काय मेली?’ असं वर विचारलं होतं. सिद्धेशला यातलं काहीच गंभीर वाटत नव्हतं. तो म्हणायचा, तिने चाळीत आख्ख्या मजल्याची पोरं सांभाळलीत.

पण गंधालीला एक खूण सापडली होती. आई पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून खाली भाजी निवडत बसत. चित्रात पाळणा दिसे, आणि कडेला गेलेली थोडी दोरी. पाळणा हलतोय म्हणजे आई जाग्या आहेत. आईंकडे बघायची गरजच नव्हती.

आज दुपारी पाळणा संथ हलत होता. इरा मूठ तोंडात घालून झोपली होती. गंधालीने ॲप कॉम्प्युटरवरून टॅबवर घेतलं आणि मीटिंगला जाऊन बसली.

थोड्या वेळाने पाळण्याला हिसका बसला. मग दुसरा. मग इतका जोरात झोका, की इरा दचकून जागी झाली आणि रडायला लागली.

‘बघ, बघ कसा हलवतायत,’ तिने शेजारच्या प्रियंकाला टॅब दाखवला.

‘अगं, माशी बसली असेल पायावर,’ प्रियंका कुजबुजली. ‘तू सून आहेस की कंट्रोल रूम?’

‘तुझं पोर नाहीये ना त्यात.’

हिसके चालूच होते. वेडेवाकडे, मध्येच थांबून. मीटिंग संपल्याबरोबर गंधालीने आईंना फोन लावला. तो वाजत राहिला. नेहमीसारखा फ्रिजवर ठेवला असणार. तिने सिद्धेशला मेसेज टाकला: ‘तुझी आई बाळाला आपटतेय. उद्यापासून पाळणाघर. यावर बोलायचं नाही.’

उत्तर आलं नाही. मुलुंडच्या ऑफिसात तो दुपारभर मीटिंगमध्येच असे.

पाळणा हळूहळू शांत झाला. इरा रडून रडून दमली आणि झोपली. तिची छाती वरखाली होताना गंधालीला स्पष्ट दिसली. कळलं वाटतं आईंना, ती मनात म्हणाली.

तरी ती लवकर निघाली. गुंदवलीला मेट्रोत चढताना तिने ॲप फोनवर घेतलं. बसायला जागा मिळाली. काय काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती. आई, तुमचा अपमान करायचा नाहीये. आई, तुम्हाला आता झेपत नाही. शेजारच्या वनमालाकाकूंना कळू न देता, दार लावून, शांतपणे. दाराला आतून कडी घालायची सवय तिनेच आईंना लावली होती. कुणीही येऊन बाळाला हात लावतं म्हणून.

दिंडोशी गेलं. पाळणा पुन्हा जरासा हलला. थांबला. पुन्हा हलला, अगदी थोडा. पेंगतायत आणि मधूनच दोरी ओढतायत, गंधालीने ओळखलं. आता तिला रागही येईना, नुसता थकवा आला.

फोनची बॅटरी लाल झाली तेव्हा तिने ॲप सिद्धेशच्या फोनवर सरकवलं. खाली लिहिलं: ‘माझा फोन बंद पडेल. मी पोचेपर्यंत तू बघ. स्वतःच्या डोळ्यांनी बघ.’

लगेच त्याचा फोन आला.

‘आवाज का बंद आहे? आणि हा नुसता पाळणा काय दिसतोय?’

‘पाळणाच बघ ना. कसा हलतोय बघ.’

‘थांब, आवाज लावतो. खोली दिसू दे.’

पलीकडे खुर्ची जोरात मागे सरकल्याचा आवाज आला.

‘सिद्धेश? इरा ठीक आहे ना?’

‘इरा झोपलीय.’ त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. ‘आई खाली पडलीय, गंधाली. तोंड वाकडं झालंय. एक बाजू हलतच नाहीये. दुसऱ्या पायाने दोरी ओढतेय, आणि कॅमेऱ्याकडे बघून तुला हाका मारतेय.’

गाडीचं दार उघडलं, बंद झालं.

‘मी ॲम्ब्युलन्स बोलावतो. तू सोसायटीत कळव. गंधाली, ऐकतेयस ना?’

फोन केव्हाही बंद पडणार होता. तिने सोसायटीचा ग्रुप उघडला. लिहिलं:

‘हे जे कुणी वाचत असतील, त्यांनी आत्ता आमच्याकडे जा. दाराला आतून कडी आहे, तोडा. बाळ ठीक आहे, बाळाकडे बघू नका. आईंना बघा.’