सदतिसावा गुडघा

गुडघ्याच्या नव्या औषधाची चाचणी चाळीस जणांवर झाली, सदतिसावी मी. माझा मुलगा ज्या डॉक्टरी नियतकालिकाचा संपादक, त्यातच त्या चाचणीवरचा लेख आला. नातीने वाचून दाखवला: "चाळीसच्या चाळीस रुग्ण काठीविना चालतात." मी काठी टेकत मुलासमोर जाऊन बसले. "मग मी कोण रे? भूत?" "आई, दोन तज्ज्ञांनी तपासलाय लेख." "माझा गुडघा तपासला का मेल्यांनी? कोण ते?" "लेखकानेच सुचवलेले. एक त्याचा मेहुणा." "आणि तू?" "वाचायला वेळच नव्हता." उसवलेला टाका दिसला तर मी शिवलेला कपडा कधी गिऱ्हाइकाला दिला नाही, आणि हा माझा पोरगा! "लेख मागे घे. हे वाचून लोक गोळ्या गिळतील." "नियतकालिकाची अब्रू जाईल, आई." तो उठला, सवयीने मला काठी देऊ लागला. "राहू दे. तुझ्या अंकात मी तिच्याशिवाय चालते."