नेहमीचा दगड

रिटायर झालेले मोठे इंजिनियर साहेब, हे धरण आपणच कसं बांधलं ते पाहुण्यांना सांगत नावेत बसले होते. वल्ही मारता मारता ते ऐकून माझे कान किटले होते.

"खाली दोनशे वर्षांची दफनभूमी आहे बरं का," ते ऐटीत म्हणाले. "आठ दिवसांत अख्खी पाण्याखाली घातली आम्ही!"

दर उन्हाळ्याप्रमाणे पाणी उतरल्यामुळे थडग्यांचे दगड वर डोकावत होते. वाऱ्यानं नाव भरकटायला लागली, तसा मी नेहमीच्या दगडाला दोर बांधला.

साहेब ताडकन उठले. नाव हेलकावे खायला लागली.

"अरे गाढवा, थडग्याला नाव बांधतोस? मेलेल्या माणसांचा काही मान आहे की नाही? सोड आधी तो दोर! तुझा परवानाच रद्द करायला लावतो, थांब!"

पाहुणेही माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. मी गाठ आणखी आवळली.

 

"लोकांच्या थडग्यांना हात लावायची माझी छाती नाही, साहेब. हे माझ्या बापाचं आहे."